अख्खा बंगला की हॉटेलच्या खोल्या? बारवीच्या सहलीचा जमाखर्च

व्यापारी बंधूंनो, आपल्या घरांत पूर्वी सुट्टी म्हणजे आजोळ, फार तर हाजी मलंगचा डोंगर किंवा माथेरान. खर्चाच्या वहीत त्याला वेगळे पान लागत नसे. आता मुलांच्या हातात मोबाइल आहेत आणि त्यांत पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या लाकडी खोल्यांची चित्रे दिसतात. आमच्या घरीही गेल्या हिवाळ्यात मुलांनी हट्ट धरला की या वेळी बेटावर जायचे. त्या हट्टातून पुढे जे घडले, जो खर्च झाला आणि जी एक चूक आमच्याकडून झाली, ते सर्व लिहीत आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ईदनंतर किंवा मे महिन्यात हाच प्रश्न निघेल.

प्रथम हे सांगतो की ही सहल निव्वळ मौजेची नव्हती. आम्ही चार भाऊ. वडिलांच्या वेळचे कापडाचे दुकान मागल्या वर्षी वाटून घेतले. वाटणी रीतसर झाली, कागद झाले, कोणी कोर्टात गेले नाही. पण वाटणीनंतर जेवणाची पंगत मोडते ती मोडतेच. अम्मींचे म्हणणे एवढेच होते की डोळे मिटण्याआधी चारही चुली दोन दिवस एका दस्तरखानावर बसलेल्या बघायच्या आहेत. रमजानचा सीझन लागला की कापडवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. २०२६ च्या २६ जानेवारीला सोमवार आला होता, म्हणजे शनिवार, रविवार आणि सोमवार मोकळे. तेव्हा तेच दिवस ठरवले. माणसे मोजली तर सत्तावीस भरली: मोठी सोळा, लहान अकरा.

बेटाचा विचार आम्ही अगदीच झटकून टाकला नाही. मुलाने मालदीवची माहिती काढली, ती ऐकण्यासारखी आहे. तो मुस्लिम देश. तरीही तेथे कित्येक वर्षे परदेशी पाहुण्यांना वस्तीच्या बेटांवर मुक्कामाची मुभा नव्हती. पाहुण्यांसाठी रिसॉर्टची बेटे वेगळी आणि दारू तेथेच मिळे. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर छोटी अतिथीगृहे काढायला परवानगी मिळाली. तेथे दारू नाही, मशीद जवळ, खर्चही रिसॉर्टपेक्षा कमी. म्हणजे तेथेही प्रश्न तोच: चकचकीत रिसॉर्ट की वस्तीतले घर? पण सत्तावीस माणसांचे विमानभाडे धरले आणि अम्मींचा हजच्या वेळचा पासपोर्ट काढून पाहिला, तर त्याची मुदत केव्हाच संपलेली. लक्षद्वीप आपल्याच देशात, पण तेथेही प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. शेवटी अम्मी म्हणाल्या, "बेट नको. पाणी दिसले म्हणजे झाले." आणि आम्ही कल्याणहून पाऊण-एक तासावर बारवी धरणाच्या बाजूला जायचे ठरवले.

बारवी धरण आपल्याला परके नाही. एमआयडीसीने हे धरण १९७२ मध्ये बांधले, पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली. उंची वाढली तशी गावे पाण्याखाली गेली. उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली, मीरा-भाईंदर अशा शहरांच्या नळांना आणि कारखान्यांना हे पाणी जाते. धरणातून सोडलेले पाणी बारवी नदीने उल्हास नदीत येते, तेथून उचलून जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते. डोंबिवली-अंबरनाथच्या प्रोसेस हाउसांमध्ये ज्या पाण्याने कापडाला रंग चढतो ते हेच पाणी. चाळीस वर्षे आम्ही त्या रंगाचा भाव करीत आलो, पण पाणी कोठून येते ते पाहायला गेलो नव्हतो. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. धरणाचे पाणी पिण्याचे आहे, त्यात उतरायला बंदी आहे. तेव्हा "धरणात पोहू" असे कोणी म्हणत असेल तर घरातूनच त्याला अडवा.

बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीचा पूल ओलांडून बदलापूर गाव मागे टाकले की धरणाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फार्महाउसे आणि भाड्याचे बंगले लागतात. तीन-चार खोल्या, एक हॉल, स्वयंपाकघर, पुढे गवत आणि एक छोटा पोहण्याचा हौद. मुले याला 'व्हिला' म्हणतात. आम्ही बंगलाच म्हणू. दुसरा पर्याय होता बदलापूर-कर्जत बाजूचे एक साधे, नीटनेटके हॉटेल. दुकान बंद असते त्या दिवशी आम्ही आणि धाकटा भाऊ दोन्ही जागा प्रत्यक्ष पाहून आलो.

ताग्याचा भाव आणि मीटरचा भाव

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर हॉटेल म्हणजे मीटरवर कापड घेणे. लागेल तेवढेच कापून घ्या, भाव चढा द्या, आणि डाग निघाला तर दुकानदार बदलून देईल. बंगला म्हणजे अख्खा तागा उचलणे. मीटरमागे स्वस्त पडतो, पण उरलेला तुकडा तुमचा आणि मधोमध डाग निघाला तर तोही तुमचाच. घरी चार माणसे असतील तर कोणी तागा उचलत नाही. लग्नघर असेल तर मीटरवर घेणारा वेडा.

आमचा हिशेब असा झाला. हॉटेलच्या नऊ खोल्या, दर खोलीला रात्रीचे ३,२०० रुपये, दोन रात्री. म्हणजे ५७,६०० रुपये. त्यावर जीएसटी. येथे एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर आधी १२ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के. आमचा कर २,८८० रुपये बसला. जादा गाद्यांचे करासह ४,८००. सकाळचा नाश्ता खोलीभाड्यात. दुपारची आणि रात्रीची मिळून चार जेवणे, मुलांचे अर्धे धरून एकवीस ताटे, ताटाला ३५० रुपये, म्हणजे २९,४०० आणि त्यावर ५ टक्के १,४७०. एकूण ९६,१५० रुपये. माणशी ३,५६१.

बंगल्याचे भाडे रात्रीला २१,०००, म्हणजे दोन रात्रींचे ४२,०००. साफसफाईचे १,५००, गॅसचे १,२००, वीज गेली तर जनरेटरच्या डिझेलचे ८०० धरले. गोश्त, तांदूळ, तेल, दूध, भाजी, मुलांचा खाऊ मिळून १४,५००. एकूण साठ हजार, माणशी २,२२२. फरक ३६,१५० रुपयांचा. कोणताही व्यापारी हा आकडा पाहून काय करील ते सांगायला नको. आम्हीही तेच केले. पण या हिशेबात एक रकाना आम्ही सोडून दिला होता. त्याबद्दल पुढे येईल.

बंगल्याच्या भावाबद्दल थोडे. मालक स्वतः गावचा आगरी शेतकरी. बोलता बोलता त्याने सांगितले की आठवड्याच्या सात रात्रींपैकी दोनच रात्री भरतात, पाच रिकाम्या जातात. म्हणून शनिवार-रविवारच्या भाड्यावर सगळ्या आठवड्याचा बोजा असतो. सोमवार ते गुरुवारी तोच बंगला तो बारा हजारांना देतो. नोकरदाराला ही सवलत उपयोगाची नाही. आपण दुकानदार, कारागीर. आपली सुट्टी आपल्या हातात असते. मुलांच्या शाळा आड येत नसतील तर मधले वार पकडा, फायदा आहे. आपल्यापैकी ज्यांनी त्या बाजूला प्लॉट घेऊन भाड्याने बंगला बांधायचे मनात धरले आहे त्यांनीही दोन भरलेल्या रात्रींवरच हिशेब करावा, सातवर नव्हे.

कराच्या बाबतीत आणखी एक. काही हॉटेलवाले आपणहून विचारतात, "शेठ, बिल दुकानाच्या नंबरवर काढू का?" घरच्या सहलीचे बिल धंद्यात दाखवून कराची वजावट घेता येत नाही. कायद्यात तशी मनाई आहे आणि ती कमाई हलालही नाही. बंगल्याच्या मालकाची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून तो कर लावत नाही. त्यात काही गैर नाही. तोच बंगला मोबाइलच्या ॲपवरून घेतला तर मात्र कर लागतो, कारण तो भरण्याची जबाबदारी ॲपवाल्यांवर आहे.

नाव, बयाणा आणि कागद

जे घडले ते सांगितलेच पाहिजे. आम्ही आधी दुसऱ्याच एका बंगल्याला फोन केला होता. तारीख मोकळी होती, भाडे ठरले, गाड्या कोठे लावायच्या तेही बोलून झाले. मग नाव विचारले. नाव सांगितल्यावर दहा मिनिटांत उलटा फोन आला की त्या तारखेला घरच्यांचेच पाहुणे येणार आहेत. आम्ही वाद घातला नाही. वयाच्या या टप्प्यावर फोनवरचा सूर ओळखता येतो. तेव्हापासून आम्ही रीत ठेवली की नाव आधी सांगायचे, भाव नंतर करायचा. वेळ वाचतो आणि सहलीला जाण्याआधी घरच्यांचे मन मोडत नाही. हॉटेलात असा नकार सहसा होत नाही, एवढे हॉटेलच्या बाजूने लिहावे लागेल. काउंटरवर ओळखपत्र दाखवायचे, रजिस्टरमध्ये लिहायचे, किल्ली घ्यायची.

आणि ज्या शेतकऱ्याने आम्हाला बंगला दिला, त्याने नाव ऐकून विचारले ते इतकेच: "शेठ, नमाजाला खोली लागेल ना? वरच्या हॉलमधले सोफे काढून ठेवतो." मटण आणले तर चालेल का, हे आम्ही आधीच विचारून घेतले होते. सगळे मालक हो म्हणत नाहीत आणि पोहोचल्यावर स्वयंपाकघराच्या दारात हा वाद नको.

सराय हा आपला जुना शब्द. मुसाफिराला उतरायला जागा देणे हे एके काळी पुण्याचे काम मानीत. इंग्रजांनी १८६७ मध्ये त्यावरही कायदा केला, त्याचे नावच सराईज ॲक्ट. सरायवाल्याने सरकारदरबारी नोंद केली पाहिजे, जागा स्वच्छ ठेवली पाहिजे, असा त्याचा रोख होता. तेव्हापासून मुक्कामाची जागा चालवणाऱ्यावर काहीतरी लेखी जबाबदारी आहे. हॉटेलात ती भिंतीवर टांगलेली दिसते: अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर, आग विझवण्याचे नळकांडे, बाहेर पडायच्या वाटेची पाटी. भाड्याच्या बंगल्यात पुष्कळदा यातले काही नसते, असतो तो मालकाचा शब्द. शब्द चांगला असतो, पण सूरह बकरहमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम इतक्या तपशिलाने आला आहे तो काही उगाच नाही. आम्ही एका कागदावर लिहिले: किती माणसे, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, अनामत १०,००० रुपये, काय मोडले तर काय कापायचे, सहल रद्द झाली तर बयाण्यातले किती परत. अक्षर मुलाचे, कारण आमचा हात उर्दूत वळलेला. खाली दोघांच्या सह्या. मालक हसला, पण त्याने सही केली.

बयाणा जागा पाहून आल्यावरच दिला. हे मुद्दाम लिहितो, कारण दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो दाखवून मोबाइलवर पैसे उकळण्याचे प्रकार लोणावळा-अलिबागच्या बाजूला खूप झाले आहेत. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे कठीण. घरी परदेशी पासपोर्टवाले पाहुणे आले असतील, आखातातले नव्हे तर इंग्लंड-अमेरिकेचे नागरिक झालेले, तर त्यांच्या मुक्कामाची खबर चोवीस तासांत सरकारी संकेतस्थळावर द्यावी लागते. हॉटेलवाल्याला हे माहीत असते. बंगल्याच्या मालकाला तुम्ही सांगा.

दोन दिवस

शनिवारी दुपारी पोहोचलो. कल्याणहून हे अंतर सफरचे नाही. आपल्याकडे सर्वसाधारणपणे ४८ मैल धरतात, तेव्हा नमाज पूर्ण पढायची होती, कसर नव्हे. मुलांनी विचारले म्हणून लिहिले.

बंगल्याचा पहिला फायदा त्याच दुपारी दिसला. हॉटेलच्या हौदात सगळ्या जगाची बायका-माणसे एकत्र असतात, आपल्या घरच्या स्त्रिया काठावर खुर्ची टाकून बसतात आणि मुलांचे टॉवेल सांभाळतात. येथे आम्ही सगळे पुरुष गेटच्या बाहेर रस्त्याला फिरायला गेलो, गेट आतून लावून घेतले आणि दोन तास हौद त्यांच्या ताब्यात दिला. आमची धाकटी भाभी चव्वेचाळीस वर्षांची आहे. ती म्हणाली की लहानपणी गावच्या ओढ्यात उतरले होते, त्यानंतर आज. ही गोष्ट रुपयांत कशी लिहायची ते आम्हाला माहीत नाही. पण खोलीचा दर पाहताना ही बाबही डोळ्यांपुढे ठेवा. मात्र आधी शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवरून हौद दिसतो का, आणि मालकाचे सीसीटीव्ही कॅमेरे कोणत्या दिशेला आहेत, हे स्वतः फिरून पाहा. आमच्या मालकाने हौदाकडचा कॅमेरा दोन दिवस काढून ठेवला.

आता ती चूक. शनिवारी मगरिबची वेळ झाली. वरच्या हॉलमध्ये सगळे पुरुष जमाअतला उभे राहिलो. स्त्रियांपैकी काही नमाजात, काही स्वयंपाकघरात. मुले अंगणात खेळत होती. वर आम्हाला वाटले की खाली बायका आहेत, खाली बायकांना वाटले की पुरुषांपैकी कोणीतरी बाहेर असेल. आमची सहा वर्षांची नात चेंडू काढायला वाकली आणि हौदात पडली. पाणी साडेचार फूट, तिची उंची त्याहून कमी. ओरडण्याचा आवाज आला नाही. पडलेले मूल ओरडत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मालकाचा रखवालदार पंप बंद करायला आला होता, त्याने पाहिले आणि कपड्यांनिशी उडी टाकली. आम्ही सलाम फेरून खाली आलो तेव्हा ती त्याच्या खांद्यावर खोकत होती.

अल्लाहचे लाख लाख शुक्र. पण शुक्र करून विषय संपत नाही. हॉटेलातही हौदावर दरवेळी माणूस असतो असे नाही, तरी सहसा वेळा ठरलेल्या असतात, संध्याकाळी हौद बंद होतो, एखादी दोरी आडवी बांधलेली असते. बंगल्यात हौदाचा मालक तुम्ही. आम्ही दुकानात गल्ल्यावर कोण बसणार याच्या पाळ्या लावतो, चहाला उठलो तरी बदली माणूस बसवून उठतो, आणि येथे अकरा मुले उघड्या पाण्याजवळ सोडून सगळेच्या सगळे वर गेलो. त्या रात्री धाकट्या भावाने वहीचे पान फाडून तासातासाच्या पाळ्या लिहिल्या आणि भिंतीवर चिकटवल्या. नमाजाचाही प्रश्न सुटला. लढाईच्या मैदानातसुद्धा एक गट पहाऱ्याला आणि एक गट नमाजाला, अशी नमाज-ए-खौफची रीत दीनने शिकवलेली आहे. रविवारी आम्ही पाचही वेळा दोन जमाअती केल्या. कोणाला तक्रार करावीशी वाटली नाही.

रखवालदाराला आम्ही काही रक्कम देऊ केली. त्याने घेतली नाही. फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, "शेठ, माज्या पोराला शाळंचा कपडा द्या." मुरबाडच्या बाजूचा आदिवासी माणूस. दोन जोड कापड घरी पोहोचवले आहे, शिलाईसह.

राहून गेलेला रकाना

रविवारी सकाळी आमची पत्नी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि सर्वांसमोर म्हणाली, "तुमची सुट्टी झाली, आमची फक्त बदली झाली. कल्याणची चूल सोडून बारवीची." भाऊ हसले. आम्हाला हसू आले नाही, कारण शनिवारी दुपारपासून पाहत होतो ते डोळ्यांपुढे उभे राहिले. सत्तावीस माणसांचे दोन वेळचे जेवण, त्यांची भांडी, मुलांच्या मागण्या. दोन तासांचा हौद सोडला तर चार वहिनी आणि तीन सुना स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नव्हत्या.

सहलीआधी आम्ही एका बावर्चीला भाव विचारला होता. एका मदतनिसासह दोन दिवसांचे त्याने नऊ हजार सांगितले. आम्ही म्हटले, घरात सात बायका असताना बावर्ची कशाला? भांडी घासायला गावातल्या दोन बाया मिळत होत्या, दोन हजारांत. तीही काटछाट केली. म्हणजे आमच्या ३६,१५० रुपयांच्या बचतीतले अकरा हजार बचत नव्हतेच. ती घरच्या स्त्रियांकडून न विचारता घेतलेली उचल होती. अकरा हजार खर्चात धरले तर बंगला ७१,००० ला पडतो आणि हॉटेलपेक्षा २५,१५० रुपयांनी स्वस्त राहतो. म्हणजे सर्व रकाने भरूनही सौदा फायद्याचाच होता. तरी आम्ही खरा भाव लावायचे टाळले. गिऱ्हाइकाने असे केले असते तर आम्हीच त्याला नावे ठेवली असती.

रविवारी दुपारी गावातल्या त्या दोन बाया बोलावल्या. बावर्ची इतक्या उशिरा मिळेना, तेव्हा रात्रीचे जेवण बदलापूरहून मागवले. भात थोडा कच्चा होता. पण सगळे एका दस्तरखानावर बसले, स्त्रियासुद्धा, आणि गरम पोळीसाठी कोणी उठले नाही. अम्मी मधोमध बसल्या. मोठ्या भावाने धाकट्याच्या ताटात स्वतःच्या हाताने बोटी वाढली. वाटणीनंतर हे आम्ही पहिल्यांदा पाहिले. हॉटेलात नऊ खोल्यांची नऊ दारे असती आणि जेवणाच्या हॉलमध्ये चार-चार जणांची टेबले. तेथे असे झाले नसते असे आमचे मत आहे. इतरांचे वेगळे असू शकते.

पावसाळ्याबद्दल इशारा देऊन ठेवतो. जून ते सप्टेंबर या बाजूच्या बंगल्यांचे भाडे पडते आणि हिरवळीचे फोटो पाहून मन होते. नदीकाठचा बंगला त्या दिवसांत घेऊ नका. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याची पातळी ७२.६० मीटरवर पोहोचली की ते आपोआप उघडतात आणि पाणी थेट नदीत येते. आस्नोली, रहाटोली, चोण, पिंपळोली अशा खालच्या अंगाच्या गावांना दरवर्षी सावध राहण्याच्या सूचना निघतात. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला त्या सूचनेची खबरही नसते. उल्हास नदी चढते तेव्हा काय होते ते २७ जुलै २०१९ ला सर्वांनी पाहिले. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. शिवाय पावसाळ्यात धरणे आणि धबधब्यांच्या परिसरात जाण्यास ठाणे जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश अनेक वर्षे निघत आले आहेत. कोंडेश्वरला जायचे म्हणून बंगला घेतला आणि पोलिसांनी नाक्यावरून परत पाठवले तर भाडे परत मिळत नाही. बुकिंगच्या आधी तो आदेश पाहून घ्या.

आमचे मत विचाराल तर, दहा माणसांच्या आत असाल, सोबत लहान मुले आणि एकच कर्ती स्त्री असेल, तर हॉटेल घ्या आणि तिला दोन दिवस बसू द्या. पंधराच्या वर असाल तर बंगला, पण बावर्ची आणि भांडीवाली भाड्यातच धरून. आणि घरात जिना न चढवणारे कोणी असेल तर तळमजल्यावर एक खोली आणि इंग्रजी पद्धतीचा संडास आहे का ते पाहिल्याशिवाय दोन्हीतले काहीच घेऊ नका. आमच्या अम्मींसाठी हे आम्ही पाहिले होते. तेवढे एक बरे झाले.

सोमवारी सकाळी मालक आला. खोल्या पाहिल्या, दोन कप आणि एक काचेचा जग फुटला होता, त्याचे चारशे रुपये कागदाप्रमाणे कापून ९,६०० परत दिले. आम्ही मोजून घेतले, त्याने मोजून दिले. पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच सांगा, म्हणाला. आम्ही भावांकडे पाहिले. आमची पत्नी आतून म्हणाली, "आधी बावर्चीची तारीख घ्या, मग बंगल्याची." सुनांचे मत हॉटेलकडे आहे, अम्मींचे बंगल्याकडे. ईदनंतर घरी मशवरा ठेवला आहे.